रखमा म्हणजे सोनं

(तालुक्याच्या वाचनालयात झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

माझ्या आजीचं नाव रखमा. रेशनकार्डावर मात्र कुणीतरी ते ‘शुद्ध’ करून रुक्मिणी असं लिहिलं होतं. दुकानातून ‘रुक्मिणीबाई’ असा पुकारा झाला, की आजी मांडीवरची पिशवी सावरत तशीच बसून राहायची. दुसरी कुणी असेल, असं तिला वाटायचं. शेवटी शेजारीण कोपरानं ढोसायची, ‘अगं रखमे, ऊठ, तुझा नंबर आलाय.’

रुक्म म्हणजे सोनं. वारकऱ्यांच्या जिभेवर रुक्मिणीची रखुमाई झाली, घराघरांत रखमा झाली, पण त्यातलं सोनं काही गेलं नाही. शाळेत असताना मला हे नाव सांगायची लाज वाटायची. ती लाज चुकीची होती, एवढं मनापासून सांगायला मी आज उभा आहे.

आता नातवंडांच्या बारशाआधी लोक माझ्याकडे मोबाईलमधली यादी घेऊन येतात. ‘सर, संस्कृत हवं, अर्थ छान हवा.’ यादीत आरव असतं आणि पुढे अर्थ दिलेला असतो ‘शांत ध्वनी’. संस्कृत कोशात आरव म्हणजे आरडाओरडा, गर्जना, मोठा आवाज. नाव कानाला गोड आहे, जरूर ठेवा. पण मग राही काय वाईट आहे? ते यादीत का नसतं?

राही म्हणजे राधिका. संस्कृतातल्या दोन स्वरांमधल्या ख, ध, भ यांचा प्राकृतात ह होतो. दधीचं दही झालं, बधिराचा बहिरा झाला, त्याच वाटेनं राधिकेची राही झाली. विठ्ठलाच्या आरतीत ‘राहीच्या वल्लभा’ आपण टाळ्या वाजवत म्हणतो, ती हीच राधा. सखीची आधी सही झाली, मग ह गळून सई उरली. शिवाजीमहाराजांच्या राणीसाहेबांचं नाव सईबाई, म्हणजे मैत्रीण. कृष्णाचा कण्ह, त्याचा कान्ह, आणि त्यातून कान्होबा, कान्होजी. ही नावं बिघडलेली नाहीत, ती पिढ्यान्‌पिढ्या वापरून गुळगुळीत झालेली आहेत. नदीतला गोटा होतो तशी.

आणि सगळंच काही संस्कृतातून आलेलं नाही. अण्णा, अक्का आपल्याकडे आणि कानडीत सारखेच. मालोजीराजांनी अहमदनगरच्या शाह शरीफ या पिराला नवस केला, म्हणून मुलांची नावं शहाजी आणि शरीफजी ठेवली, असं परंपरा सांगते. शाह फारसी, शरीफ अरबी, आणि शेवटी आपला ‘जी’. ज्ञानेश्वरमाउलींच्या पालखी सोहळ्याला आजचं रूप दिलं ते हैबतबाबा आरफळकरांनी. हैबत हा अरबी शब्द, अर्थ धाक, दरारा. ते नाव घेताना वारीत कुणाची जीभ अडखळत नाही. बाबासाहेब, ताईसाहेब यांतला साहेबही अरबीच, मूळ अर्थ सोबती.

मला सगळ्यांत आवडतं ते उदाहरण मुंबईचं. १७९६ साली मशीद बंदर भागात बेने इस्राएल या ज्यू समाजाचं सिनेगॉग, म्हणजे प्रार्थनास्थळ, उभं राहिलं. ते बांधणाऱ्याचं नाव सॅम्युअल इझिकेल दिवेकर. त्यांना सगळे समाजी हसाजी म्हणत. हिब्रूतला श्मुएल कोकणात आला आणि समाजी झाला, येहेझ्केलचा हसाजी झाला. त्या नावांना आपण आपला ‘जी’ लावला, तो त्यांनी आपला मानला. सॅम्युअल स्ट्रीट आजही तिथे आहे.

आता दगडू, धोंडू, केरू, भिकू. या नावांना हसू नका. ज्या घरात पाठोपाठ मुलं जात, त्या घरात नवं बाळ जन्मलं की आई त्याला दगड म्हणायची, केर म्हणायची, म्हणजे काळाची नजर त्याच्यावर पडू नये. सुपात घालून कुणाला तरी दिल्यासारखं करायचं आणि भीक म्हणून परत मागून घ्यायचं, की तो झाला भिकाजी. महर्षी कर्व्यांचं नाव धोंडो. त्या काळातल्या बाळंतिणींची धास्ती काय असेल, ती या दोन अक्षरांत आहे. शब्द कठोर, पण त्याच्या आत माया ठासून भरलेली.

एक नाव मात्र या ओळीत मी बसवू शकत नाही. नकुशी. नकोशी, नकुसा. तीन मुलींवर चौथी झाली, की तिला हे नाव ठेवायचं, म्हणजे पुढचा मुलगा होईल. धोंडूच्या आईला धोंडू हवा होता, म्हणून तिनं देवाशी खोटं बोललं. इथे कुणी खोटं बोललेलं नाही. ती पोर रोज हजेरीत स्वतःच्या तोंडानं ‘हजर’ म्हणायची. २०११ च्या ऑक्टोबरात साताऱ्यात एका कार्यक्रमात अशा २८५ मुलींची नावं बदलली, नव्या नावाची प्रमाणपत्रं त्यांच्या हातात दिली.

त्यांच्या आधीच्या नावाचा अर्थ शोधायला कुणाला कोश उघडावा लागला नव्हता. ठेवणाऱ्यांना तो ठाऊक होता, आणि हाक आली की वळून बघणाऱ्या मुलीलाही.