'झाली'चं काम इंग्रजीत कोण करतं?

नमस्कार श्रोतेहो.

ठाण्याहून ऐरोलीला, घणसोलीला, महापेला कामाला जाणाऱ्यांच्या फोनवर सकाळी एक वाक्य हटकून ऐकू येतं : "सर, बस ब्रेकडाउन झालीय, पोचतोच थोड्या वेळात." बोलायच्या मराठीत हे वाक्य चोख आहे. ऑफिसात पोचल्यावर हीच हकीकत ईमेलमध्ये लिहायची असते, आणि तिथे उतरतं, "माय बस वॉज ब्रेकडाउन." तसंच "आय हॅव लॉगिन", तसंच "द मीटिंग इज कॉल ऑफ". लिहिणारा आपल्या कामात तरबेज असतो. मग वाक्य अडतं कुठे? माझं म्हणणं असं, की याचं कारण इंग्रजीच्या अज्ञानापेक्षा आपल्या मराठीच्या सवयीत जास्त आहे.

मराठी परका शब्द घेते तेव्हा त्याचं मूळ रूप, नाहीतर नाम, तेवढं उचलते. काळ, लिंग, वचन हा सगळा भार 'होणं' आणि 'करणं' या आपल्या दोन क्रियापदांवर. बस ब्रेकडाउन झाली, पंप ब्रेकडाउन झाला, मी लॉगिन केलं. गोष्ट घडून गेली हे 'झाली', 'झाला', 'केलं' सांगतात. 'ब्रेकडाउन'ला हलावंही लागत नाही. इंग्रजीत ही सोय नाही. तिथे घडून गेल्याची खूण क्रियापदाच्या अंगावरच यावी लागते, आणि 'हॅज', 'हॅव', 'वॉज' यांच्यापुढे ती येते तिसऱ्या रूपात. ब्रेक, ब्रोक, ब्रोकन असं शाळेत घोकलेलं ते तिसरं रूप. "द बस हॅज ब्रोकन डाउन." "आय हॅव लॉग्ड इन." "द मीटिंग हॅज बीन कॉल्ड ऑफ." 'डाउन', 'इन', 'ऑफ' जागच्या जागी राहतात, बदलतं ते त्यांच्या आधीचं.

'फेड अप'चं उदाहरण पाहा. "मी फेड अप झालोय" आपण मराठीत सर्रास म्हणतो, आणि "आय ॲम फेड अप" हे इंग्रजी वाक्यही सहसा कुणाचं चुकत नाही. कारण 'फेड' हे 'फीड'चं तिसरंच रूप आहे, आणि मराठीने ते तयार जोडीसकट उचललं. पुढे 'विथ' जोडायचं, म्हणजे झालं.

आपण रेडिओवर आहोत, तेव्हा एक खूण कानानेच पटवून घेऊ. 'ब्रेकडाउन' हे नाम असताना जोर 'ब्रेक'वर पडतो. "द बस हॅज ब्रोकन डाउन" म्हणताना जोर सरकून 'डाउन'वर जातो. इंग्रजी बातम्या ऐकताना या जोराकडे कान ठेवा. नाम कुठलं आणि क्रिया कुठली, ते ऐकूनच कळायला लागतं.

आता त्या शेपटाकडच्या लहान शब्दांकडे येऊ. क्लासमध्ये शिकवतात, अप म्हणजे वर, डाउन म्हणजे खाली, आउट म्हणजे बाहेर. या पाठांतराने मुलांचं नुकसान होतं असं मला मनापासून वाटतं. "द मिल्क इज यूज्ड अप" यात दूध वर कुठेच गेलेलं नाही, ते संपलं आहे. इथला 'अप' दिशा सांगत नाही, काम पुरतं झालं हे सांगतो. आणि ही जाणीव आपल्याला नवी नाही. 'खा' आणि 'खाऊन टाक' यांतला फरक मराठी घरातलं तीन वर्षांचं मूलही जाणतं. 'टाक' म्हणजे तिथे फेकणं नव्हे. 'वाचून काढलं', 'थकून गेलो', 'लिहून ठेवलं' यांत काढणं, जाणं, ठेवणं आपला मूळ अर्थ बाजूला ठेवून क्रियेला एक छटा देतात. इंग्रजी तीच छटा बऱ्याचदा 'अप', 'आउट', 'डाउन' यांनी देते. थकून गेलो, "आय ॲम वॉर्न आउट". लिहून ठेवलं, "इट इज रिटन डाउन". 'खाऊन टाक'ला "ईट इट अप". दर वेळी शब्दाला शब्द जुळेलच असं नाही, पण कोणत्या अंगाने पाहायचं ते कळतं.

संस्कृत शिकलेल्या श्रोत्यांना तो श्लोक आठवेल : 'उपसर्गेण धात्वर्थो बलादन्यत्र नीयते । प्रहाराहारसंहारविहारपरिहारवत् ॥' उपसर्ग धातूचा अर्थ बळाने दुसरीकडे ओढून नेतो. हृ हा एकच धातू, पण प्रहार वेगळा, आहार वेगळा, संहार तर त्याहून वेगळा. संस्कृतात उपसर्ग धातूला पुढून चिकटतो, इंग्रजीत हा शब्द बहुधा मागे येतो, एवढाच भेद. वेदांच्या भाषेत उपसर्ग क्रियापदापासून दूरही राहू शकत असे, अगदी "स्विच द फॅन ऑफ"मधल्या 'ऑफ'सारखा. परक्यांना हे जड जातं, हे इंग्रजांनाही ठाऊक होतं. सॅम्युएल जॉन्सनने 1755 साली इंग्रजीचा कोश प्रसिद्ध केला, त्याच्या प्रस्तावनेत त्याने लिहून ठेवलंय की परदेशी माणसाला सगळ्यात मोठी अडचण याच रचनेची होते. क्रियापद आणि लहान शब्द यांच्या अशा जोडीला 'फ्रेझल व्हर्ब' हे नाव रूढ झालं त्यानंतर फार उशिरा, लेखक लोगन पिअरसॉल स्मिथने 1925 साली ते वापरल्यावर.

हृ धातूसारखंच 'पास'चं घराणं आहे. 'पास्ड अवे' म्हणजे वारले. 'पास्ड ओव्हर' म्हणजे बढतीच्या वेळी डावललं. 'पास्ड डाउन' म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं. आणि 'पास्ड आउट'? आपल्याकडे मुलाखतीत उमेदवार सांगतात, "आय पास्ड आउट इन 2019." भारतात याचा अर्थ पदवी घेतली असाच समजतात, आणि सैन्यातल्या पासिंग आउट परेडमुळे या वापराला जुना आधारही आहे. पण तीच मुलाखत अमेरिकेतला माणूस फोनवर घेत असेल, तर त्याच्या कानी पहिला अर्थ येतो तो शुद्ध हरपल्याचा. त्याच्याशी बोलताना "आय ग्रॅज्युएटेड" म्हणावं, हे उत्तम.

एक जोडी मात्र अशी आहे जिच्यापाशी मला थांबायचंय, कारण तिच्यात माणसांची पोटं गुंतली आहेत. वागळे इस्टेटमध्ये किंवा ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या कारखान्यांत ज्यांनी उमेदीची वर्षं काढली, त्यांना 'ले-ऑफ' हा शब्द कायद्यातून माहीत आहे. 2025पर्यंत लागू असलेल्या 1947च्या औद्योगिक विवाद कायद्यानुसार कोळसा, वीज, कच्चा माल कमी पडला, तयार माल साचला किंवा यंत्र बिघडलं, म्हणून मालक हजेरीपटावरच्या कामगाराला काम देऊ शकला नाही, तर तो ले-ऑफ असे. कामगाराचं नाव पटावर राहत असे, आणि अटी पूर्ण होत असतील तर मूळ वेतन आणि महागाई भत्त्याच्या निम्मी भरपाई मिळत असे. कामावरून काढण्याला त्याच कायद्यात वेगळा शब्द होता, रिट्रेंचमेंट. आज त्याच रस्त्यालगतच्या आयटी पार्कमधला तरुण "आय वॉज लेड ऑफ" म्हणतो, तेव्हा नोकरी गेलेली असते. वडिलांच्या कानी हा शब्द तात्पुरता वाटतो, मुलाच्या तोंडी तो कायमचा असतो. दोघांनी एकदा बसून हे बोलून घ्यावं.

आणि नव्या नोकरीच्या अर्जात हे वाक्य फार जपून लिहा. "आय वॉज ले-ऑफ" चुकीचं आहे, तरी वाचणारा समजून घेईल. पण 'वॉज' गळून "आय लेड ऑफ ट्वेंटी पीपल" झालं, तर वीस जणांना तुम्हीच काढलंत असा अर्थ होतो. सोसलेलं सांगायचं असेल तर तिसऱ्या रूपाआधी 'वॉज' हवाच.

जाता जाता, 'सोल्ड आउट'ला ही अडचण नाही. गडकरी रंगायतनच्या प्रयोगाबद्दल "द शो इज सोल्ड आउट" म्हणा किंवा "द शो हॅज सोल्ड आउट" म्हणा, तिकिटं संपलेलीच असतात. पण माणसाबद्दल "ही हॅज सोल्ड आउट" म्हटलंत, तर त्याने पैशासाठी तत्त्व विकलं असं होतं.

शेवटी जागेविषयी. हा लहान शब्द पुढे आला की मागे, यावर सगळं बदलू शकतं. 'सेट अप' म्हणजे उभारलेलं आणि 'अपसेट' म्हणजे मन बिघडलेलं. घटक तेच, क्रम उलटा. ठाणे-बेलापूर रस्त्यावर तुमच्या गाडीला टँकरने मागे टाकलं तर ती 'ओव्हरटेकन'. तुमची कंपनी दुसऱ्या कंपनीने ताब्यात घेतली तर ती 'टेकन ओव्हर'. "अवर कंपनी वॉज ओव्हरटेकन" असं लिहिलंत, तर वाचणारा समजेल की धंद्यात कुणीतरी तुमच्या पुढे गेलं. मालक बदलल्याचं त्याला कळणारच नाही.

नमस्कार.