दगडूच्या मातीतले पांढरे ठिपके

(अंधार. टॉर्चचा उजेड. लाकडी खोका, आत माती.)

हे बघा, इथे, पाण्याच्या ताटलीखाली. पटकन दिसत नाही. ताटली उचलली की आधी वाटतं मीठ सांडलंय, आणि मग त्यातला एक कण चालायला लागतो.

जानेवारीतली रात्र, इंग्लंडमधलं स्लाऊ गाव, आणि मी गुडघ्यावर बसून आमच्या दगडूच्या घरात टॉर्च मारत होते. दगडू म्हणजे आमचं कासव, हॉर्सफील्ड जातीचं. लोक रशियन कासव म्हणतात पण त्यांचा खरा मुलुख कझाकस्तान, उझबेकिस्तान तिकडचा. आणि हो, एक गोष्ट आधीच सांगते, कारण हे बघून कुणाला तरी वाटेल आपणही पाळूया: भारतात आपलं स्टार कासव घरी ठेवणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे, कुणी कितीही 'लकी असतं' म्हणून आणून दिलं तरी. प्लीज नको. इथे ब्रिटनमध्ये हॉर्सफील्ड पाळायला परवानगी आहे आणि दगडू इथेच, पाळलेल्या कासवांच्या पोटी जन्मलाय.

(दिवस. रिकामा खोका, तळाला पेपर.)

तर ते किडे बघितल्यावर मी काय केलं, तर त्याच रात्री सगळी माती काळ्या पिशवीत भरून बाहेर टाकली, खोका गरम पाण्याने धुतला आणि तळाला नुसता पेपर अंथरला. किडे गेले. मला वाटलं झालं काम.

पाचव्या-सहाव्या दिवशी दगडू खाईना. डँडेलियन म्हणजे पिवळ्या फुलाचं रानटी तण, त्याची पानं, जी तो एरवी दिवा लागायच्या आधी शोधत येतो, ती तशीच सुकून पडलेली. डोळे जरा खोल गेलेले, आणि लघवीतून खडूच्या पेस्टसारखं पांढरं घट्ट पडत होतं. व्हेटकडे, म्हणजे जनावरांच्या डॉक्टरकडे नेलं तर त्या म्हणाल्या पाणी कमी पडलंय अंगात. आणि मग विचारलं, माती कुठे गेली?

इथे मला पहिल्यांदा नीट कळलं की हे जनावर कोरड्या मुलखातलं असलं तरी कोरड्या हवेत राहत नाही, ते बीळ करतं, खोल, आणि बिळात ओल असते. वर ऊन, खाली गारवा. मी पेपर टाकून त्याचं बीळच काढून घेतलं होतं, वर घरात हीटिंग चालू, वर बास्किंगचा, म्हणजे अंग शेकायचा दिवा. दिव्याखाली ३२-३५ डिग्री असते. वाळायला अजून काय पाहिजे.

आणि जात किती चिवट बघा. १९६८ च्या सप्टेंबरमध्ये सोव्हिएत लोकांनी झोंड ५ नावाचं यान चंद्राला वळसा घालून आणलं, त्यात याच जातीची दोन कासवं होती, म्हणजे माणूस तिथवर जायच्या आधी ती जाऊन आली. यान हिंदी महासागरात उतरलं, जहाजाने आपल्या मुंबईला आणलं आणि तिथून विमानाने रशियाला नेलं. कासवं जिवंत होती, वजन फक्त साधारण दहा टक्के घटलेलं. त्याच जातीचं कासव माझ्या घरात आठवड्याभरात आजारी पडलं याचं मला खूप वाईट वाटलं, अजूनही वाटतं.

(क्लोजअप. पांढरा कागद, त्यावर चिमूटभर माती.)

मग नवीन माती भरली, बागेतली साधी टॉपसॉइल, थोडी वाळू आणि कोको कॉयर. कॉयर म्हणजे आपल्या नारळाच्या सोडणाचा भुसा, विटेसारखा दाबून विकतात, पाण्यात टाकला की फुगतो. तीन आठवड्यात किडे परत आले. पण यावेळी मी काही टाकलं नाही, आधी बघितलं.

बघायचं कसं, तर चिमूटभर माती पांढऱ्या कागदावर घ्यायची, मोबाईलच्या कॅमेऱ्यावर झूम करायचं, किंवा पारदर्शक सेलोटेप मातीवर दाबून उचलायची. आमच्याकडे तीन प्रकार निघाले. पहिले स्प्रिंगटेल. एक-दोन मिलिमीटर, लांबट, पोटाखाली दुमडलेली शेपटीसारखी दांडी असते ती झटकून उडी मारतात. थोडं पाणी ओतलं तर बुडत नाहीत, वर तरंगतात, त्यावरून लगेच ओळखू येतात. हे बुरशी खातात, कुजकं खातात, कासवाला काहीच करत नाहीत. बरेच जण तर विकत आणून मुद्दाम सोडतात.

दुसरे माइट्स. हे बारीक, अर्ध्या मिलिमीटरच्याही आत, धूळ चालतेय असं वाटतं. आठ पाय. बुरशीवर, उरलेल्या खाण्यावर वाढतात. कासवाला चावत नाहीत पण खूप झाले तर त्याच्या डोळ्याच्या कडेला, पायाच्या घडीत जाऊन बसतात आणि ते अस्वस्थ होतं, शिवाय आपल्यालाही त्याची ॲलर्जी होऊ शकते, म्हणून हे आटोक्यात ठेवायचे. तिसरी म्हणजे काळी चिलटं. ती दिव्याभोवती फिरतात आणि त्यांच्या अळ्या ओल्या मातीत असतात, पारदर्शक अंग आणि काळं चकचकीत डोकं.

आणि चौथा प्रकार, जो आमच्याकडे नव्हता पण सांगितलाच पाहिजे, तो म्हणजे अंगाला चिकटून रक्त पिणारे, गोचीड वगैरे. किडे मातीत न दिसता कातडीवर, मानेजवळ, मांडीच्या घडीत घट्ट बसलेले दिसले तर घरी प्रयोग नको, व्हेटकडे जा. इथे जरा थांबून ऐका. कुत्र्या-गाईला कीड लागली की आयव्हरमेक्टिन देतात ना, ते कासवाला कधीही द्यायचं नाही. कासवाच्या मेंदूपर्यंत ते पोचतं, अंग लुळं पडतं आणि जीव जातो. कुणी ओळखीच्याने सांगितलं, दुकानात मिळालं, तरी नाही. घरातले किडे मारायचे स्प्रेसुद्धा खोक्याजवळ नको.

(स्वयंपाकघर. ओव्हन, ट्रेमध्ये माती.)

तेव्हा आई आलेली होती चिपळूणहून. तिला म्हटलं, आई, नवीन मातीतच अंडी येत असतील गं. ती म्हणाली, मग भाज की. रव्याला भाजून ठेवतो तसं. आणि आपल्याकडे भाताचं रोप टाकायच्या आधी राब भाजतात ते काय उगाच? पालापाचोळा, शेण पसरून पेटवतात, खालची जमीन भाजते, तणाचं बी मरतं, किडे मरतात. मी चिपळूणची असून माझ्या डोक्यात हे आलं नव्हतं.

मग माती जरा ओलसर करून ट्रेमध्ये पातळ पसरली, वर फॉइल, ओव्हन शंभर डिग्री, अर्धा तास. खिडक्या उघड्या ठेवा, वास येतो भरपूर. पूर्ण गार झाल्याशिवाय खोक्यात घालायची नाही. ओव्हन नसेल तर पिशवीत भरून फ्रीझरमध्ये चांगली आठवडाभर ठेवा, म्हणजे मधल्या गोळ्यापर्यंत गारठा पोचतो.

पण खरा फरक ओलीने पडला. मी आधी रोज वरून पाण्याचा स्प्रे मारत होते, त्यामुळे वरचा थर कायम दमट आणि त्यात काकडीचे तुकडे रुतलेले, माइट्सना अजून काय हवं. आता पाणी वरून मारत नाही, एका कोपऱ्यात हळूच ओतते, ते तळाला जातं. माती बारा-पंधरा सेंटिमीटर खोल, वर कोरडी, खाली मुठीत दाबली तर गोळा होईल पण पाणी टपकणार नाही इतकी. जेवण मातीवर न ठेवता सपाट स्लेटच्या फरशीवर, आणि संध्याकाळी उरलेलं सगळं उचलायचं, शी दिसली की काढायची. ताटलीखाली आता एक टाइल आहे. चिलटांसाठी पिवळे चिकट कागद लावलेत, पण खोक्याच्या बाहेर, खिडकीला, कारण आत लावले तर दगडूच चिकटायचा. आणि आठवड्यातून दोनदा त्याला कोमट पाण्यात पंधरा-वीस मिनिटं बसवते, तो पाणी पितो आणि पायाच्या घड्यांतलं जे काही असेल ते धुऊन निघतं.

महिनाभरात माइट्स इतके कमी झाले की टेपवर एखादा दिसायचा. डँडेलियनवर दगडू परत तुटून पडायला लागला, आणि वजन, जे मी दर रविवारी किचनच्या काट्यावर करते, ते परत जागेवर आलं.

(रात्र. पुन्हा टॉर्च.)

परवा आईचा व्हिडिओ कॉल आला, पहिला प्रश्न हाच, गेले का गं किडे? म्हटलं, उड्या मारणारे आहेत थोडे, त्या ओल्या कोपऱ्यात. मग फोन खोक्यावर धरला, तर दगडू त्याच कोपऱ्यात पुढच्या पायांनी माती मागे ढकलत आत शिरत होता, अर्धं कवच बाहेर.

असू देत मग ते, आई म्हणाली, आणि दिवा बंद कर आता, झोपू दे त्याला.