बुडालेली बीएमडब्ल्यू आणि सर्व्हिसची फाईल

(सांगलीत झालेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, नमस्कार. पत्रिकेत विषय छापलाय ‘जुनी स्पोर्ट्स सेडान: कोणती घ्यावी?’ समोरची गर्दी बघून वाटतंय, निम्म्या लोकांनी गाडी आधीच हेरून ठेवलीय आणि मी तिचं नाव घेतो का, एवढंच ऐकायला ते आलेत. नावं घेणार आहे. बीएमडब्ल्यूची थ्री सीरिज, ऑडीची ए-फोर, मर्सिडीजची सी-क्लास, सगळ्यांची घेणार आहे. पण त्याआधी जे बोलायचंय ते माझ्या गॅरेजमध्ये येणाऱ्या प्रत्येकाला मी सांगत आलोय. भरवशाचं मॉडेल असं काही नसतं. भरवशाची असते ती एक गाडी, एका चासी नंबरची. त्याच सालाची, त्याच रंगाची दुसरी गाडी शेजारी उभी असेल आणि ती तुम्हाला कर्जात घालेल.

आपल्या जिल्ह्यात हे पटवून द्यावं लागू नये. खरसुंडीच्या बाजारात खिलार खोंड घेताना आपला माणूस काय करतो? दात बघतो, चालवून बघतो, खुरं बघतो, विकणारा कुठल्या गावचा, कुणाचा कोण, हे चार जणांना विचारतो. ‘खिलार म्हणजे चांगली जात’ एवढ्यावर कुणी कासरा हातात घेत नाही. तोच माणूस बारा लाखांची जर्मन गाडी मोबाईलवर फोटो बघून ठरवतो आणि टोकन पाठवून मोकळा होतो.

या गाड्यांचा मोह मला समजतो, कारण मलाही तो आहे. पुणे सोडून साताऱ्याकडे निघालात आणि खंबाटकीच्या वळणांवर मागच्या चाकांवर चालणारी, पुढं-मागं जवळपास निम्मं-निम्मं वजन असलेली थ्री सीरिज हातात असली, की स्टिअरिंगमधून रस्ता तळहाताला कळतो. उंच एसयूव्हीत बसून हे कळत नाही, कितीही पैसे मोजा. त्यासाठी माणूस वेडा होत असेल तर मी त्याला नावं ठेवणार नाही.

अडचण पैशाच्या हिशेबात आहे. नवी असताना चाळीसेक लाखांना घेतलेली गाडी आठ-दहा वर्षांनी नव्या मध्यम एसयूव्हीच्या भावात मिळते. गाडीची किंमत उतरते, तिच्या सुट्या भागांची उतरत नाही. हेडलाइट, वॉटर पंप, इंजेक्टर, गिअरबॉक्सचा मेकॅट्रॉनिक म्हणजे त्याचा इलेक्ट्रॉनिक मेंदू, हे सगळं चाळीस लाखांच्या गाडीच्याच भावात येतं. पहिल्या मालकाने वॉरंटीत मजा केली, दुसऱ्याने खर्च पुढं ढकलला, आणि ढकललेली सगळी बिलं तिसऱ्याच्या, म्हणजे तुमच्या दारात येतात. ‘जर्मन गाड्या नाजूक’ असं लोक म्हणतात तेव्हा त्यातला मोठा भाग या ढकललेल्या बिलांचा असतो.

मागून कुणीतरी विचारलं, अ‍ॅव्हरेज किती देते. थ्री-ट्वेंटी-डी, म्हणजे थ्री सीरिजमधली डिझेल, नीट चालवली तर हायवेला पंधराच्या पुढं जाते. पण दादा, या गाडीत डिझेल हा सगळ्यात छोटा खर्च आहे. अ‍ॅव्हरेज बघून गाडी घ्यायची असेल तर घरी आहे तीच ठेवा.

आता एका गाडीची गोष्ट सांगतो. थोडी लांब आहे, पण ती ऐकल्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

२०१९ चा ऑगस्ट. इथल्या कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी इशारा पातळी ४० फूट, धोक्याची ४५, आणि पाणी गेलं ५७ फुटांवर. कुणाचं काय बुडालं याची उजळणी या सभागृहात करत नाही. तळघरांतल्या पार्किंगमध्ये ज्या गाड्या राहिल्या त्या पूर्ण पाण्याखाली गेल्या. पाणी उतरल्यावर काहींनी घाबऱ्याघुबऱ्या स्टार्टर मारला. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर पिस्टन ते दाबू शकत नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो आणि इंजिन संपतं. त्याला हायड्रोस्टॅटिक लॉक म्हणतात, आणि वेगळं इंजिन संरक्षण घेतलेलं नसेल तर विमा कंपन्या ते नुकसान सहसा देत नाहीत. नुसती बुडालेली गाडी धक्का देऊन बाहेर काढा, टो करून आणा, पण किल्ली फिरवू नका. पुन्हा पाणी येईल तेव्हा एवढं लक्षात ठेवा.

पुरानंतर बऱ्याच दिवसांनी विट्याकडची मंडळी माझ्याकडे आली. गलाईचा धंदा. खानापूर, आटपाडीकडची ही माणसं सोनं-चांदी गाळण्याच्या कामात देशभर पसरलेली, यात्रेला गावी आली की दारात गाड्यांची रांग. मुलाने एका बाहेरगावच्या डीलरकडून पांढरी थ्री-ट्वेंटी-डी घेतली होती. रनिंग कमी, रंग आरशासारखा, आत अत्तराचा वास. त्याचे आबा सोबत आले होते. म्हणाले, “मेस्त्री, पासिंग आपलंच हाय, एमएच-दहा. दिल्लीची-बिल्लीची न्हाई. टॅक्सची भानगड न्हाई.” त्यांचा सगळा विश्वास त्या नंबरवर होता.

तक्रार विचित्र होती. डिकी कधी उघडायची, कधी नाही. कोरड्या उन्हात वायपर आपोआप सुरू व्हायचे. एअरबॅगचा दिवा लागायचा, पुसला की आठवड्यात परत. दोन ठिकाणी सेन्सर बदलून झाले होते. स्कॅनर लावला तर एकमेकांशी संबंध नसलेल्या भागांचे बिघाडाचे चाळीसभर कोड. असे एकाच वेळी आठ अवयव बिघडत नसतात. खाली कुठंतरी सगळ्यांना जोडणारी वायर कुजत असते.

मी काय केलं, तर ड्रायव्हरचा सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढला. रोजच्या वापरातला पट्टा धुवून स्वच्छ होता. तळाशी गुंडाळलेला, कधी बाहेर न येणारा वीतभर भाग काळपट, आणि त्यावर सरळ रेघ. मग सीट काढली, गालिचा उचलला. खालचा फोम वाळून पापडासारखा कडक झालेला. कनेक्टर उघडले तर आतलं तांबं हिरवं. एअरबॅगचं युनिट या गाड्यांत मधल्या बोगद्यावर, कन्सोलच्या खाली असतं. त्याच्या पिनांवर पांढरी भुकटी. डिकीत उजव्या बाजूला बॅटरी असते, ती उचलली तर खाली गाळाचा थर. धुणाऱ्याने दिसणारं सगळं धुतलं होतं.

आबांनी तो गाळ दोन बोटांत चोळला. त्यांची बहीण भिलवडीला दिलेली, नदीकाठचं रान त्यांना माहीत. म्हणाले, “ही आपल्याच मळीची माती हाय.”

आणि तसंच होतं. गाडी सांगलीचीच. इथं बुडाली, विम्यात टोटल लॉस झाली, भंगाराच्या लिलावात बाहेर गेली, धुऊन-पुसून चकचकीत झाली, आणि आपल्याच जिल्ह्याच्या नंबरवर, आपल्याच माणसाला विकली गेली. यात लिलाव बेकायदा नाही. दुरुस्तीचा खर्च विमा उतरवलेल्या किमतीच्या ७५ टक्क्यांवर गेला की कंपनी पूर्ण नुकसान धरते आणि सांगाडा विकते. राग मला लपवण्याचा येतो. एअरबॅग उघडणार नाही, अशा गाडीत एका घराला बसवून पाठवलं, आणि विकणाऱ्याला ते पक्कं ठाऊक होतं. पट्टा धुणाऱ्या हाताला गाळ दिसलाच असेल ना? तो डीलर नंतर फोन उचलेना. शेवटी ती गाडी सुट्या भागांत गेली. त्या मुलाचा चेहरा आठवला की मला आजही चीड येते. पण चिडून उपयोग नाही, म्हणून कागद बघायला शिका.

हा व्यवहार कागदांनी थांबवता आला असता, गालिचा न उचलता. त्या गाडीची सर्व्हिसची नोंद जुलै २०१९ ला थांबत होती. विम्यात मोठा खंड होता, आणि नव्या पॉलिसीवर नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, शून्य. सात वर्षांच्या गाडीला बोनस शून्य असेल तर एकतर क्लेम झालाय, पॉलिसी मध्येच तुटलीय किंवा मालक बदललाय. यातलं काय झालं, याचं उत्तर विकणाऱ्याने द्यायचं. चालू वर्षाची पॉलिसी सगळेच दाखवतात. मागच्या तीन-चार वर्षांच्या मागा. सर्व्हिसची बिलं मागा, नुसता शिक्का मारलेली वही नको. बिलावर किलोमीटर असतात, तारीख असते, टाकलेल्या ऑइलचा ग्रेड असतो. २०१७ ला ६८ हजार आणि २०१९ ला ५२ हजार, असं बिलांवर मी स्वतः बघितलंय. मीटर मागं फिरवणारा डिस्प्लेवरचा आकडा बदलतो, पण किलोमीटर गाडीतल्या इतर युनिटांतही साठलेले असतात, बीएमडब्ल्यूच्या किल्लीतसुद्धा. कंपनीच्या बरोबरीचा स्कॅनर असलेला माणूस ते काढून देतो.

अध्यक्षांची चिठ्ठी आली. दहा मिनिटं राहिलीत आणि पत्रिकेतला विषय अजून तसाच पडलाय. भरभर घेतो, लिहून घ्या.

गाडी बघायला सकाळी जा, इंजिन थंड असताना. बोनेटवर हात ठेवा. गरम लागला तर कुणीतरी आवाज लपवायला आधीच चालू करून ठेवलीय. पहिल्या दोन-तीन सेकंदांत इंजिनातली साखळी, म्हणजे टायमिंग चेन, खडखडली तर तिथंच थांबा. ऑटोमॅटिक गिअर डी मधून आर मध्ये, म्हणजे रिव्हर्सला टाकताना झटका, पुढं कूलंटचा गोड वास, हेडलाइटच्या आत धुकं, हे बघा. मग लिफ्टवर घ्या. लिफ्टवर घ्यायला नकार देणाऱ्याची गाडी घेऊ नका.

थ्री-ट्वेंटी-डी. २००७ पासून आलेलं एन-४७ डिझेल इंजिन ताकदीला सुरेख, पण टायमिंग चेन गिअरबॉक्सच्या बाजूला बसवलेली. ती झिजते, आणि बदलायची तर गिअरबॉक्स किंवा इंजिन खाली उतरवावं लागतं. साखळी तुटली तर इंजिन गेलं. चेन बदलल्याचं बिल असेल तर ही गाडी आनंदाने घ्या. नसेल तर तो खर्च किमतीतून वजा करा. २०१५ च्या फेसलिफ्टनंतर बी-४७ आलं, ते मला जास्त बरं वाटतं. आठ गिअरचा झेडएफचा गिअरबॉक्स या वर्गातला सर्वोत्तम. कंपनी म्हणते ऑइल आयुष्यभर पुरतं. गिअरबॉक्स बनवणारी झेडएफ स्वतः ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटरदरम्यान बदला म्हणते. बनवणाऱ्याचं ऐका.

ऑडी ए-फोर. २००८ ते २०१५ ची पिढी, टू लिटर टीएफएसआय पेट्रोल: पिस्टन रिंगमुळे ऑइल खाते. विकणाऱ्याला विचारा, दोन सर्व्हिसच्या मध्ये किती लिटर टाकता? ‘थोडंसं’ म्हणाला की तेच उत्तर. मल्टिट्रॉनिक, म्हणजे ऑडीचा पायऱ्या नसलेला ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, असेल तर मी दूर राहीन. २०१६ नंतरची पिढी कितीतरी बरी, पण बहुतेक पुढच्या चाकांवर ओढणाऱ्या. आराम उत्तम, खंबाटकीची मजा कमी.

मर्सिडीज सी-क्लास. डब्ल्यू-२०४ या पिढीतल्या पेट्रोलच्या एम-२७१ इंजिनात साखळी आणि कॅमशाफ्टचे अ‍ॅडजस्टर झिजतात, थंड सुरुवातीला आवाज देतात. सुरुवातीच्या ओएम-६५१ डिझेलला इंजेक्टरचा त्रास होता. बदलल्याचं बिल बघा. त्यानंतरची पिढी डब्ल्यू-२०५, एका घरात राहिलेली, नोंदी पूर्ण, अशी मिळाली तर घरच्यांना सगळ्यात जास्त आवडेल ती हीच.

जॅग्वार एक्सई दिसायला देखणी, चालवायला गोड, पण तिच्यावर हात बसलेला कारागीर आपल्याकडे सापडत नाही. नको.

डिझेल की पेट्रोल? १ एप्रिल २०२० नंतरची बीएस-६ डिझेल असेल तर तिच्यात डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, आहे. काजळी जाळायला तिला लांब, सलग रस्ता लागतो. शहरातल्या शहरात, विश्रामबाग ते गणपती पेठ एवढंच चालवायचं असेल तर पेट्रोल घ्या. बीएमडब्ल्यूला बऱ्याचदा रनफ्लॅट, म्हणजे पंक्चर होऊनही थोडं अंतर चालणारे टायर असतात, स्टेपनी नसते. खड्ड्यांच्या दिवसांतला पेठ-सांगली रस्ता आठवा आणि टायरच्या कडेला फुगा आलाय का, चारही टायर हात फिरवून बघा.

दिल्ली पासिंगच्या गाड्या स्वस्त का, हेही सांगून टाकतो. तिथं दहा वर्षांवरच्या डिझेलला आणि पंधरा वर्षांवरच्या पेट्रोलला रस्त्यावर बंदी आली, म्हणून त्या इकडं येऊ लागल्या. गाडी वाईटच असेल असं नाही. पण फॉर्म २८ ची एनओसी, म्हणजे तिथल्या आरटीओचं ना हरकत पत्र, हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका, गाडीवर कर्ज असेल तर ते उतरवल्याचा फॉर्म ३५, नावावर करायला २९ आणि ३०, आणि इथला रोड टॅक्स आधी आरटीओत जाऊन विचारा. गाडीच्या किमतीचा चौथा हिस्सा पहिल्या वर्षाच्या कामाला बाजूला ठेवा. तेवढे उरत नसतील तर एक पायरी खालची गाडी बघा.

वेळ संपली. ज्यांनी गाडी हेरून ठेवलीय त्यांनी बाहेर पार्किंगमध्ये थांबा. मागच्या पॉलिसीचे फोटो मोबाईलवर असतील तर दाखवा, एकेक करून बघू.