सड्यावरची जुनी पाती

(दृश्य : चाळकेवाडीचं पठार, मे महिन्याची सकाळ)

साताऱ्याजवळचं ठोसेघर मागं टाकून वर आलं की चाळकेवाडीचा सडा लागतो, पवनचक्क्यांनी भरलेला. उंची साधारण 1150 मीटर. मृग लागला की समुद्राकडचा वारा सह्याद्रीच्या कड्याला धडकून वर चढतो आणि इथं सुसाट सुटतो. वर्षातली बहुतेक वीज जून ते सप्टेंबरमध्येच होते. त्यामुळं बोल्ट आवळणं, गिअरबॉक्सचं तेल, ग्रीस, सगळं मे संपायच्या आत उरकावं लागतं. ऑगस्टच्या धुक्यात, वाऱ्यात क्रेन लावता येत नाही. मशीन बंद, आणि वारा फुकट.

(दृश्य : पात्याची कडा, जवळून)

ही कडा बघा, खरखरीत झालीय. पात्याचं टोक ताशी दोनशे किलोमीटरच्या आसपास फिरतं; त्या वेगात पावसाचा थेंब खड्यासारखा बसतो. आधी रंग उडतो, मग फायबर उघडं पडतं. वारा पात्यावरून नीट सरकत नाही, युनिटं घटतात. लेप लावून कडा भरता येते, पण तो कोरड्या हवेतच धरतो. म्हणजे परत मे महिनाच.

इथली जुनी मशीनं 230, 350 किलोवॅटची, पंख्याचा व्यास 30-33 मीटर. आजच्या 3 मेगावॅटच्या मशीनचा व्यास 140 मीटर धरला, तर वारा धरणारं क्षेत्र अठरा ते बावीस पट होतं. सगळ्यात चांगला वारा सगळ्यात लहान यंत्रांच्या वाट्याला आलाय.

त्याला कारण आयकर. पवनचक्कीवर पहिल्या वर्षीच भरघोस घसारा, म्हणजे मशीनच्या झिजेपोटी उत्पन्नातून वजावट, मिळायचा, म्हणून कर वाचवायला अनेकांनी एकेक, दोन-दोन घेतल्या. सवलत मशीन उभं करण्यावर होती, विजेवर नव्हती. युनिटमागं 50 पैसे देणारी केंद्राची योजना आली डिसेंबर 2009 मध्ये. तोवर वनकुसवडे, चाळकेवाडीचे सडे भरले होते.

जुनी काढून मोठी बसवायचं, म्हणजे रिपॉवरिंगचं धोरण 2016 मध्ये आलं, 2023 मध्ये सुधारलं. पण दोन मोठ्या मशीनमध्ये व्यासाच्या पाचपट, म्हणजे 700 मीटर अंतर लागतं. नाहीतर पुढच्यानं घुसळलेला वारा मागच्याला मिळतो. तेवढ्या जागेत कितीतरी जुनी मशीनं, मालक वेगवेगळे. एकजण अडला की आराखडा अडला. जुना पाया नव्या टॉवरला पेलत नाही. आणि सत्तर मीटरचं अखंड पातं घाटाच्या वळणावर वळणार कसं?

(दृश्य : दोरावर लटकलेला कामगार)

तोवर या मे महिन्यातही लेप बसतोय तो जुन्याच पात्याला.