एका हातात मावेल एवढं पुस्तक

(दृश्य : सकाळची गर्दी. लोकलचा डबा, कड्यांना धरलेले हात.)

डब्यातले हात बघा. एक हात वरच्या कडीला, दुसऱ्यात फोन. त्या दुसऱ्या हातात पुस्तक असावं असं ज्यांना वाटतं, ते बहुतेक वेळा भाषणच ठोकतात. आम्ही तसलं काही न करता त्या हाताचं माप घेतलं.

सातशे पानांची कादंबरी घेऊन इथं उभं राहून पाहा. पान अंगठ्याखाली टिकत नाही, मनगट भरून येतं आणि घाटकोपर यायच्या आत पुस्तक पिशवीत जातं. शंभर-सव्वाशे पानांचं पुस्तक एका हातात उघडं राहतं. अंगठा मधल्या फटीत, चार बोटं पाठीला. पान उलटताना कडी सोडावी लागते, तेवढ्यापुरतं शेजारच्यावर रेलायचं. तो काही बोलत नाही. मुंबईत कोण कोणावर रेललंय याचा हिशेब कोणी ठेवत नाही.

(दृश्य : वाचनालयाचं कपाट. एक जाड पुस्तक कॅमेऱ्यासमोर आडवं धरलेलं.)

उपनगरातलं हे एक वाचनालय. पुस्तकाचं नाव सांगत नाही, तुमच्याही शोकेसमध्ये असेल, कुणीतरी वाढदिवसाला दिलेलं. पानांची कड बघा. पहिली साठेक पानं मळलेली, कोपरे मऊ पडलेले. तिथून पुढं कागद जवळजवळ कोरा. कोण कुठवर आलं, ते त्या कडेवर उमटलंय. ही माणसं न वाचणारी होती असं कसं म्हणायचं? वर्गणी भरून, रजिस्टरात सही करून पुस्तक घरी नेलं होतं त्यांनी. सुरुवातच चढणीनं झाली. मग अर्धवट टाकल्याची लाज, आणि लाजेपोटी माणूस पुन्हा कपाटाकडे फिरकतच नाही.

माझा मावसभाऊ यातलाच. डोंबिवलीला राहतो, लिफ्ट दुरुस्तीचं काम करतो. दहावीच्या ‘कुमारभारती’नंतर त्यानं एकही पुस्तक वाचलेलं नव्हतं, आणि त्यातलेही धडे गाइडमधूनच उरकलेले. “ताई, मला झोप येते गं,” म्हणायचा. खोटं नव्हतं ते.

त्याच्या हातात मी ‘बनगरवाडी’ ठेवलं. व्यंकटेश माडगूळकरांचं, १९५५ सालचं. मिसरूडही धड न फुटलेला एक मास्तर औंध संस्थानातल्या धनगरांच्या वस्तीवर नोकरीला जातो. शाळा आहे, पण पोरं मेंढरांमागं. कारभाऱ्याला राजी केल्याशिवाय पाटी-पेन्सिल कुणी हातात धरणार नाही. पहिली नोकरी, अनोळखी जागा, साहेबाआधी तिथल्या म्हाताऱ्यांना पटवायचं. लिफ्टच्या कामावर नवा आलेला पोरगा दुसरं काय करतो? वाक्यं आखूड, माणसं दोन ओळींत उभी राहणारी. शब्दासाठी अडायला होत नाही. एखादा माणदेशी शब्द कळला नाही तरी मेंढरं पुढं चालतच राहतात.

दोन मिनिटांना एक पान धरलं तर सव्वाशे पानं म्हणजे चार तास आणि वर दहा मिनिटं. डोंबिवलीहून सीएसएमटी स्लो लोकलनं सव्वा तास. म्हणजे जाऊन-येऊन दोन दिवसांत पुस्तक पार. हा झाला कागदावरचा हिशेब. त्याला अकरा दिवस लागले. मधे एक मेगाब्लॉक, एक मित्राचं लग्न आणि तीन दिवस नुसती झोप. बाराव्या दिवशी फोन आला : “संपलं.” एवढंच. आवडलं का, तेही बोलला नाही. पण त्या एका शब्दात मला जे ऐकू आलं, ते मी या निवेदनात नीट पकडू शकत नाहीये.

मग मी एक चूक केली. हुरूप आला आणि लगेच पु. शि. रेग्यांची ‘सावित्री’ दिली. १९६२ची, नुसती पत्रं, तीही एकाच बाजूची. पानं शंभराच्या आत, म्हटलं एका दिवसात होईल. विसाव्या पानावर परत आली. “ही बाई कोणाला लिहितेय तेच कळेना.” बरोबर आहे त्याचं. बारीक पुस्तक म्हणजे सोपं पुस्तक नव्हे. ‘सावित्री’ माझं लाडकं आहे, पण ते लाडकं व्हायला मला दोनदा वाचावं लागलं, आणि दुसऱ्यांदा वाचताना मी पस्तिशीची होते. आपल्याला आवडलेलं दुसऱ्याच्या गळ्यात मारायची आम्हा वाचणाऱ्यांची खोड जाता जात नाही.

(दृश्य : फोर्ट, फुटपाथवरची जुनी पुस्तकं.)

पुस्तकं मिळण्याची अडचण या शहरात तरी नाही. दादरला मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय आहे, १८९८ साली स्थापन झालेलं. हुतात्मा चौकाच्या आसपास आणि माटुंग्याला किंग्ज सर्कलजवळ जुनी पुस्तकं फुटपाथवर रचलेली असतात. कोळीवाड्यात वाढलेल्या कुणाला द्यायचं असेल तर हेमिंग्वेच्या म्हाताऱ्या कोळ्याची गोष्ट बघा. चौऱ्याऐंशी दिवस मासा न मिळालेला माणूस. पु. ल. देशपांड्यांनी ती मराठीत आणलीय, ‘एका कोळियाने’. तांडेलाच्या घरात त्या गोष्टीला प्रस्तावना लागत नाही.

भावाला तिसऱ्या खेपेला ‘रणांगण’ दिलं. विश्राम बेडेकर, १९३९. युरोपातून मुंबईकडे निघालेली बोट, हिटलरच्या जर्मनीतून जीव घेऊन पळालेली ज्यू माणसं, त्यातली हेर्टा, आणि घरी परतणारा चक्रधर. त्याला मुंबईत उतरायचंय; तिला कुठं उतरता येईल याची खात्री नाही. जसजशी मुंबई जवळ येते तसतसं वाचणाऱ्याला वाटतं, बोट जरा हळू जावी. पुढचं सांगत नाही.

(दृश्य : बॅलार्ड इस्टेट, दुपार. जुन्या इमारतीतली जाळीच्या दाराची लिफ्ट.)

परवा त्याचं काम इथं होतं. जेवणाच्या सुट्टीत फोन केला त्यानं. मागं कबुतरांची फडफड आणि कुणीतरी पाना मागतंय.

“ताई, ती बोट इथंच लागली असेल का गं?”

म्हटलं, तेव्हा परदेशी बोटी बॅलार्ड पिअरला लागायच्या, बघ जवळच आहे.

“गेलो होतो. गेटवर सोडत नाहीत,” म्हणाला. “भिंतीपाशी उभा राहिलो जरा.”