भोंगा झाला की फोन नाही

मंडळी, नमस्कार.

पत्रिकेत माझ्या नावापुढे ‘मोबाईल आणि आपली नाती’ असा भारदस्त विषय छापलाय. मी बोलणार आहे एका न उचललेल्या फोनबद्दल.

माझी मावशी सांगली जिल्ह्यात, कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांच्या वडगावात राहते. २०२२च्या दिवाळीआधी एका रविवारी तिला फोन लावला. आपले दुपारचे साडेतीन, तिकडे संध्याकाळचे सात. सहा वेळा लावला, उचलेना. अशा वेळी परदेशातल्या माणसाच्या मनात काय काय येतं, तुम्हाला वेगळं सांगायला नको. दीड तासानं तिचाच फोन. ‘‘आरं, भोंगा झाल्यावर हितं कुणी फोन घेत न्हाई!’’

लॉकडाऊनमध्ये शाळा मोबाईलवर भरली. शाळा उघडल्या तरी मोबाईल पोरांच्या हातून सुटेना. म्हणून त्या वर्षी १५ ऑगस्टच्या आदल्या दिवशी गावानं बैठकीत ठरवलं : सातला देवळावरचा भोंगा वाजला की टीव्ही, मोबाईल बंद, ते साडेआठपर्यंत. पोरांनी अभ्यास करायचा. मला हसू आलं. आमच्या लहानपणी भोंगा म्हणजे साखर कारखान्याची पाळी सुटली.

मोबाईलला मी शिव्या घालणार नाही. २०१९च्या महापुरात भाऊ सांगलीच्या गावभागात अडकला होता. आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट, आणि पाणी ५७च्या वर गेलेलं. फुटाफुटाचा हिशेब मला इथे व्हॉट्सअ‍ॅपवर कळत होता. मग वीज गेली, त्याचा फोन बंद पडला. दोन दिवसांनी कुणा अनोळखी माणसानं स्वतःच्या फोनची शेवटची चार टक्के बॅटरी त्याला बोलायला दिली. त्या माणसाचं नाव आम्हाला आजही ठाऊक नाही.

वडगावचं ऐकून आम्हीही घरी सातला फोन टोपलीत टाकायला लागलो. तिसऱ्या दिवशी लेक म्हणाली, ‘‘बाबा, मैत्रिणी सगळ्या ग्रुपवर आहेत. मी एकटीच का?’’ मला उत्तर सुचलं नाही. तिथे अख्ख्या गावाचा फोन बंद असतो, त्यामुळे कुणाचं काही चुकत नाही. इथे एकाच घराचा बंद, म्हणजे पोरीला शिक्षाच. टोपली आता फळांना वापरतो.

मावशीला मात्र हल्ली तासभर आधीच फोन करतो. सात वाजत आले की तीच घाई करते, ‘‘ठेव आता. भोंगा व्हायचाय.’’