खुंटीवरची पिशवी

(दृश्य: कुंभारीची वसाहत, सकाळ. उंबऱ्यात सुपं घेऊन बसलेल्या बायका.)

सोलापूर शहराला लागून कुंभारी. विडी कामगार बायकांनी लढून मिळवलेली ही १०,००० घरांची वसाहत. सकाळी आठलाच दारादारांत सुपं मांडलेली. पान कापायचं, चिमूटभर तंबाखू, वळायचं, दोरा गुंडाळायचा. हजार विड्या झाल्या की दिवस भरला.

यातल्याच एका घरातली मुलगी बाळंतपणाला माहेरी आली, ती इथंच आहे. बाळ आठ महिन्यांचं झालंय. नवरा यंत्रमागावर कामाला. एकदा येऊन बाळ बघून गेला, झबलं आणलं होतं. पैशाचा विषय निघाल्यावर म्हणाला, "पहिलं बाळंतपण माहेरचंच असतंय की."

असतंय खरं. पण ही रीत आहे, कायदा नव्हे. रीतीचा एक तोटा असा, की बिल कुणाचं हा प्रश्नच कुणी विचारत नाही.

(दृश्य: दारामागची खुंटी, कापडी पिशवी.)

मुलीच्या आईनं मात्र हिशेब ठेवलाय. सोनोग्राफीची पावती, रक्ताच्या तपासण्या, गोळ्या, सिझेरियनचं बिल. रात्री साडेअकराच्या रिक्षाचे पैसे कॅलेंडरच्या पानामागं लिहिलेत. सरकारी दवाखान्यात बाळंतपण मोफत आहे, सिझेरियनसुद्धा. जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रम २०११ पासून सुरू आहे. पण कळा रात्री सुरू झाल्या आणि जवळचा दवाखाना खाजगी निघाला. आईनं गळ्यातलं मोडलं.

पोटगी म्हटलं की कोर्टाच्या आवारात सगळे 'एकशेपंचवीस' म्हणतात, म्हणजे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १२५. १ जुलै २०२४ पासून नव्या संहितेत त्या कलमाचा आकडा १४४ झालाय, तोंडातली सवय जुनीच. बायकोला आणि मुलाला, मग ते लग्नातलं असो वा लग्नाबाहेरचं, या कलमाखाली दरमहा रक्कम मागता येते. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, पोटगी अर्जाच्या तारखेपासून धरायची. म्हणजे जितके महिने 'येईल, समजावू' म्हणत घालवले, तितके सहसा गेलेच.

आणि आधीच भरलेलं दवाखान्याचं बिल? त्याचा थेट उल्लेख दुसऱ्या कायद्यात आहे: कौटुंबिक हिंसाचाराचा २००५ चा कायदा, कलम २०. त्यात औषधोपचाराचा खर्च वेगळा लिहिलाय, आणि तो एकरकमी द्यायचा हुकूमही होऊ शकतो.

वकीलबाईंनी हे सांगितलं तेव्हा मुलगी गोंधळली. "पण मॅडम, मला मारलं नाही हो कधी."

"हात उगारला नाही, पण पैसा अडवून धरला ना? कायदा त्यालाही हिंसाचारच म्हणतो. फक्त त्यानं जबाबदारी टाकली म्हणून हा खर्च तुमच्या अंगावर आला, हे आपल्याला दाखवावं लागेल."

या वकीलबाई विधी सेवा प्राधिकरणाकडून मिळाल्या. १९८७ च्या कायद्यानं कोणत्याही बाईला वकील मोफत मिळतो, तिची कमाई कितीही असो. वसाहतीत हे फार थोड्यांना ठाऊक आहे. त्याहून कमी जणींना हे ठाऊक आहे, की नवऱ्यानं हुकूम पाळला नाही तर कोर्ट थेट त्याच्या मालकाला सांगू शकतं: याच्या पगारातून कापून तिला द्या.

(दृश्य: टेबलावर पसरलेल्या पावत्या.)

वकीलबाई एकेक कागद उजेडात धरतात. औषधाच्या दोन पावत्या कोऱ्या दिसतात. मशिनच्या पावत्यांची शाई उडते; पिशवीत, गरमीत लवकरच. एका कागदावर शिक्का नाही. त्या दवाखान्यातून पुन्हा आणाव्या लागतील.

"मावशी, उरलेल्यांच्या आजच झेरॉक्स काढा. कॅलेंडरच्या पानाचीसुद्धा."

"त्याची पण? ते तर मी लिव्हलंय."

"म्हणूनच."

दुकानात बावीस रुपये झाले. मावशींनी पेन मागून घेतलं आणि रिक्षाच्या पैशाखाली तेही लिहिलं.